क्लस्टरमधलं नाव सापडेना: शोधायला काय लागतं, दुरुस्तीला किती लागतं

कांद्याची गाडी खाली झाली, वजन झालं, लिलाव झाला, शेतकरी पट्टीसाठी काउंटरवर येऊन थांबला आणि संगणक म्हणतो, ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’. पट्टीचं सॉफ्टवेअर चालू आहे, डेटाबेस चालू आहे, इंटरनेटही आहे. एका प्रोग्रॅमला दुसऱ्याचा पत्ता तेवढा मिळत नाही. सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला की ‘रीस्टार्ट करतो’ किंवा ‘सर्व्हर लहान पडतोय, मोठा घ्या’, यांपैकी एक उत्तर हमखास येतं. पहिल्याने दुखणं चार दिवस झाकलं जातं, दुसऱ्याने महिन्याचं बिल कायमचं वाढतं.

नेवासा तालुक्यातलं आपलं घोडेगाव नगर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचं, शनिशिंगणापूरकडे वळायचं गाव. जनावरांच्या बाजारामुळे आणि कांद्याच्या मार्केटमुळे इथले व्यवहार थांबून चालत नाहीत. आडतीचा हिशेब, दूध संकलन, लॉजचं बुकिंग अशी सॉफ्टवेअर वापरणारे व्यापारी आणि ती बनवून क्युबरनेटीसच्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र चालवलेल्या मशीनच्या गटावर, चढवणारी तरुण मंडळी, दोघांसाठी हे मार्गदर्शन आहे. नाव सापडत नसेल तर पहिला तास घरच्या माणसाने, फुकटच्या साधनांनी शोधात घालवावा आणि नाव नेमकं कुठे अडलंय ते कळेपर्यंत कोणालाही एक रुपया देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

आधी हे चालतं कसं ते समजून घेऊ, कारण पैसे जातात ते इथलं अज्ञान असलं की. क्लस्टरमधल्या प्रत्येक सर्व्हिसला एक नाव असतं आणि प्रत्येक नाव कुठल्या तरी नेमस्पेसमध्ये राहतं. घोडेगाव म्हटलं की आपल्याला नेवाशातलं आठवतं. पुणे जिल्ह्यातल्या माणसाला आंबेगाव तालुक्याचं ठिकाण आठवतं. पाकिटावर नुसतं ‘घोडेगाव’ लिहून चालत नाही, तालुका-जिल्हा लागतो. नेमस्पेसचं तसंच आहे. ‘आडत’ नेमस्पेसमधल्या पॉडने (क्लस्टरमधल्या चालत्या प्रोग्रॅमने) नुसतं ‘पट्टी’ विचारलं तर त्याला स्वतःच्याच नेमस्पेसमधली पट्टी मिळते. हिशेबाचा पॉड वेगळ्या नेमस्पेसमध्ये असेल तर त्याने ‘पट्टी डॉट आडत’ म्हणायला हवं, आणि पूर्ण पत्ता ‘पट्टी डॉट आडत डॉट एसव्हीसी डॉट क्लस्टर डॉट लोकल’ असा होतो. नावावरून पत्ता सांगण्याचं हे काम, म्हणजे डीएनएस, क्लस्टरमध्ये कोअरडीएनएस करतं. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या क्युबरनेटीस १.१३ पासून तेच ठरलेलं आहे. त्याच्या सर्व्हिसचं नाव मात्र जुन्या दिवसांमुळे अजूनही ‘क्यूब-डीएनएस’ असंच आहे. शोधताना गोंधळू नका.

प्रत्यक्ष नावं अर्थातच इंग्रजी छोट्या अक्षरांत द्यावी लागतात. अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच चालतं, लांबी ६३ पर्यंत. इथेच आपल्याकडचा एक नेहमीचा घोळ होतो: घोडेगावचं स्पेलिंग एकाने शेवटी ‘ओएन’ लावून केलेलं, दुसऱ्याने ‘व्ही’ लावून. माणूस दोन्ही वाचतो, कोअरडीएनएस वाचत नाही.

आता तपास. पॉडच्या आत शिरा (क्यूबसीटीएलची एक्झेक आज्ञा) आणि एनएसलुकअपने ‘क्युबरनेटीस डॉट डीफॉल्ट’ हे नाव विचारा. हे नाव प्रत्येक क्लस्टरमध्ये असतंच. मग तुमचं अडलेलं नाव विचारा. पॉडमध्ये एनएसलुकअप नसेल तर क्युबरनेटीसच्या अधिकृत माहितीपानांवर ‘डीएनएसयूटिल्स’ नावाचा तयार पॉड दिलेला आहे. तो लावायला पैसे पडत नाहीत. लावताना तो त्याच नेमस्पेसमध्ये आणि शक्यतो त्याच नोडवर (क्लस्टरमधल्या मशीनवर) लावा, नाहीतर भलतीच जागा तपासून मोकळे व्हाल.

उत्तर काय येतं ते शब्दशः लिहून घ्या. ‘एनएक्सडोमेन’ आलं तर आनंद माना: कोअरडीएनएस जिवंत आहे, रस्ता मोकळा आहे, ‘या नावाचं इथे कोणी नाही’ एवढंच ते सांगतंय. स्पेलिंग, नेमस्पेस किंवा सर्व्हिस तयारच केली नाही, यांपैकी एक असणार. दुरुस्तीचा खर्च शून्य. ‘सर्व्हफेल’ आलं तर कोअरडीएनएसने बाहेर ज्याला विचारलं तिथे गडबड आहे. आणि नुसतं थांबून ‘टाइम्ड आउट’ आलं तर प्रश्न पोचलाच नाही, किंवा उत्तर परत आलं नाही. तीन उत्तरं, तीन वेगळ्या दुरुस्त्या. फोनवर ‘डीएनएस गंडलंय’ एवढंच सांगणाऱ्याने यांतलं काहीच तपासलेलं नसतं.

एक चौथी शक्यता लोकांना फार फसवते. नाव बरोबर सापडतं, पत्ता येतो, पण जोडणी होत नाही. हा डीएनएसचा बिघाड नव्हे. साध्या सर्व्हिसचं नाव तिच्यामागे एकही पॉड उभा नसला तरी सापडतं. हेडलेस, म्हणजे स्वतःचा आयपी नसलेल्या, सर्व्हिसचं उलट: पॉड तयार नसले तर नावालाच उत्तर नाही. त्यामुळे हेडलेस सर्व्हिसमागचा डेटाबेस सुरू होत असतानाची पाच मिनिटं डीएनएस मेल्यासारखी दिसतात.

टाइमआउट असेल तर क्यूब-सिस्टिम नेमस्पेसमध्ये कोअरडीएनएसचे पॉड बघा. ते सारखे पडून उठत असतील तर लॉगची शेवटची ओळ वाचा. तिथे ‘लूप’ शब्द दिसला तर कारण जवळजवळ ठरलेलं असतं. उबुंटूसारख्या लिनक्सवर नोडची स्वतःची डीएनएस फाइल १२७.०.०.५३ या स्वतःच्याच पत्त्याकडे बोट दाखवते. कोअरडीएनएसने तीच फाइल उचलली की प्रश्न फिरून स्वतःकडेच येतो, आणि हे लक्षात येताच ते मुद्दाम बंद पडतं. नोडवरच्या क्युबलेटला सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्डची खरी फाइल दाखवली की काम झालं. एका ओळीचा बदल आहे. यासाठी कोणी ‘क्लस्टर नव्याने उभारावं लागेल’ असं म्हणालं तर दुसरा माणूस शोधा.

‘ओओएम किल्ड’ दिसलं तर मेमरी कमी पडली. नेहमीच्या मांडणीत कोअरडीएनएसला १७० एमबीची मर्यादा असते. जर्मनीतल्या झालांडो या मोठ्या कपडेविक्रेत्या कंपनीचा क्लस्टर जानेवारी २०१९ मध्ये याच प्रकारात अडकला होता: कोअरडीएनएसला मेमरी कमी दिलेली, प्रश्नांचा लोंढा आला, आणि सगळे पॉड एकामागून एक पडले. मर्यादा वाढवायला वेगळा सर्व्हर लागत नाही. नोडवर मोकळी मेमरी आहे का ते बघायचं आणि आकडा बदलायचा.

आता त्या लोंढ्याकडे जवळून बघू, कारण बिलाचं मूळ इथे आहे. पॉडमधली ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ फाइल उघडा. तीन गोष्टी दिसतील. नेमसर्व्हरचा पत्ता: क्यूबएडीएमने उभारलेल्या क्लस्टरमध्ये बहुधा १०.९६.०.१०, के-थ्री-एस या हलक्या क्युबरनेटीसमध्ये १०.४३.०.१०. मग ‘सर्च’ची ओळ: आडत डॉट एसव्हीसी डॉट क्लस्टर डॉट लोकल, मग एसव्हीसी डॉट क्लस्टर डॉट लोकल, मग क्लस्टर डॉट लोकल. आणि शेवटी ‘एनडॉट्स ५’. याचा अर्थ असा की ज्या नावात पाचपेक्षा कमी टिंबं आहेत ते आधी घरचं समजून शोधायचं. तुमचा पॉड बँकेच्या किंवा एसएमएसवाल्याच्या दोन टिंबांच्या नावाला विचारतो तेव्हा आधी तीन शेपट्या लावून पाहिल्या जातात, तिन्हींना नकार येतो, मग चौथ्यांदा खरं नाव विचारलं जातं. प्रत्येक वेळी आयपीव्ही-४ आणि आयपीव्ही-६ असे दोन प्रश्न. म्हणजे दोन प्रश्नांच्या जागी आठ. नोडची स्वतःची सर्च ओळ असेल तर दहा.

यावर उपाय फुकट आहे. बाहेरच्या नावाच्या शेवटी एक टिंब द्या, म्हणजे ते पूर्ण नाव आहे हे कळतं आणि शेपट्या लागत नाहीत. काही प्रोग्रॅमना ते शेवटचं टिंब मानवत नाही, विशेषतः जिथे सुरक्षा प्रमाणपत्र नावाशी जुळवलं जातं. तिथे त्या पॉडपुरतं एनडॉट्स २ करा. दोन टिंबांची बाहेरची नावं मग सरळ जातात, आणि ‘पट्टी डॉट आडत’ हे एका टिंबाचं असल्याने पूर्वीसारखंच सापडतं. प्रश्न पाव होतात. मोठा सर्व्हर विकत घ्यायला निघालेल्यांनी आधी एवढं करून आठवडाभर थांबावं.

‘कधी चालतं, कधी नाही’ ही तक्रार सगळ्यांत जास्त पैसे खाते, कारण माणूस येतो तेव्हा चालत असतं. यात आधी नोडनिहाय तपासा. एका नोडवरच्या पॉडला नाव सापडतं आणि दुसऱ्यावरच्याला नाही, असं असेल तर दोन नोडमधला रस्ता बंद आहे. के-थ्री-एसमध्ये नेहमीच्या मांडणीत कोअरडीएनएसचा एकच पॉड असतो. तो ज्या नोडवर आहे तिथले सगळे खूश, बाकीचे उपाशी. नोडांना जोडणाऱ्या फ्लॅनलच्या व्हीएक्सलॅन जाळ्यासाठी नोडांच्या आपसातल्या फायरवॉलमध्ये यूडीपी ८४७२ उघडं लागतं; ते फक्त नोडांपुरतं उघडा, साऱ्या जगाला नको. सर्व्हर दुकानातच ठेवला असेल तर आणखी एक बघा: वीज जाऊन आल्यावर राउटरने नोडला नवा आयपी दिला का? राउटरमध्ये प्रत्येक नोडचा आयपी कायमचा बांधून ठेवायला पाच मिनिटं लागतात.

नाव मिळतं, पण बरोब्बर पाच सेकंदांनी मिळतं, असं दिसलं तर तो लिनक्सच्या कॉनट्रॅकचा (जोडण्यांची नोंद ठेवणाऱ्या भागाचा) जुना दोष असू शकतो: दोन प्रश्न एकाच क्षणी निघतात, त्यांतला एक हरवतो, आणि पाच सेकंद वाट पाहून तो पुन्हा विचारला जातो. नोडलोकल डीएनएस कॅश हा यावरचा चांगला उपाय. प्रत्येक नोडवर एक छोटा साठा बसतो आणि पॉड आपल्याच नोडवर विचारतात. परवाना फुकट, नोडमागे थोडी मेमरी, आणि जाणत्या माणसाचं काही तासांचं काम. अल्पाइनवर बांधलेल्या इमेजेस असतील तर त्या ३.१८ किंवा पुढच्या आहेत का तेही बघा. त्याआधीच्यांत मोठं उत्तर टीसीपीवरून पुन्हा मागवण्याची सोय नव्हती. पोर्ट ५३ यूडीपीसाठी उघडं आणि टीसीपीसाठी बंद ठेवणाऱ्यांनाही हाच त्रास होतो. नेटवर्क पॉलिसी लावून बाहेर जाणारं सगळं बंद केलं आणि डीएनएसला सूट द्यायची राहिली, हेही सर्रास दिसतं.

बिघाड क्लस्टरबाहेरचा असेल तर कोणालाही पैसे देऊन उपयोग नाही. २० ऑक्टोबर २०२५ ला, नरक चतुर्दशीच्या दुपारी, अ‍ॅमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेच्या नावाची डीएनएस नोंद त्यांच्याच स्वयंचलित यंत्रणेतल्या चुकीने रिकामी झाली आणि जगभरच्या सेवा अडखळल्या. अशा दिवशी आपल्या क्लस्टरमध्ये बदल करायचे नाहीत. पुरवठादाराचं स्थितीपान बघून थांबायचं. आणि सॉफ्टवेअर मोबाइल डेटावर उघडतंय, दुकानाच्या वायफायवर उघडत नाही, असं असेल तर गावातल्या लाइनवाल्याला फोन करा, सॉफ्टवेअरवाल्याला नको.

आता पैशांचं बोलू. डॉलर ९० रुपये धरला आहे. बिलाच्या दिवशीचा भाव लावून घ्या.

अ‍ॅमेझॉनच्या ईकेएस या क्युबरनेटीस सेवेत क्लस्टरचं भाडं तासाला ०.१० डॉलर, म्हणजे महिन्याला ७३ डॉलर, ६,५७० रुपये. १८ टक्के जीएसटी धरून ७,७५३. नोड, डिस्क, डेटा वेगळे. गुगलचा दरही तासाला तेवढाच, पण तिथे महिना ७४.४० डॉलरची सूट मिळते, त्यात एका झोनल किंवा ऑटोपायलट क्लस्टरचं भाडं बसतं. मायक्रोसॉफ्टच्या एकेएसला फुकट पायरी आहे. भाड्याच्या मशीनवर के-थ्री-एस स्वतः उभारला तर क्लस्टरचं भाडं नाही, पण सांभाळणं सगळं तुमच्याकडे.

इथे एक सापळा आहे. ईकेएसची आवृत्ती १४ महिन्यांत पुढे नेली नाही तर तासाचा दर ०.१० वरून ०.६० डॉलर होतो. महिना ४३८ डॉलर, जीएसटीसह साडेशेहेचाळीस हजारांच्या वर. डीएनएसच्या भीतीने ‘चालतंय ते हलवू नका’ म्हणणारे हा दंड महिनोन्‌महिने भरत राहतात आणि कोअरडीएनएसही जुनंच राहतं. बिलात ‘एक्स्टेंडेड सपोर्ट’ शब्द शोधा.

तपासासाठी कोअरडीएनएसचा ‘लॉग’ चालू करतात आणि बंद करायला विसरतात. हिशेब करा: सेकंदाला १०० प्रश्न, एक ओळ २०० बाइटची, तर दिवसाला पावणेदोन जीबी, महिन्याला ५० जीबीच्या वर. मुंबई केंद्रात क्लाउडवॉचला लॉग भरायला जीबीमागे साधारण ०.६७ डॉलर पडतात. महिन्याला तीन हजार रुपये निव्वळ विसरण्याचे. वरचा एनडॉट्सचा घोळ असेल तर त्यातल्या बऱ्याच ओळी नकाराच्या असतात. लॉग लावायचा तर दहा मिनिटं लावा, काय हवं ते पाहा, काढा.

ऑफिसातल्या खाजगी नावांसाठी ‘रिझॉल्व्हर एंडपॉइंट’ घ्या, असा सल्ला मिळाला तर दर विचारा. अ‍ॅमेझॉनकडे एका टोकाला तासाला ०.१२५ डॉलर, आणि किमान दोन टोकं लागतात. महिना साडेसोळा हजारांच्या आसपास, जीएसटी वेगळा. बँका-कारखान्यांना ते ठीक. एका आडत दुकानाच्या दोन खाजगी नावांसाठी कोअरफाइलमध्ये (कोअरडीएनएसच्या सेटिंग फाइलमध्ये) त्या डोमेनपुरती फॉरवर्डची नोंद पुरते, रस्ता म्हणून व्हीपीएन असलं की झालं.

एकाच दुकानाचं सॉफ्टवेअर असेल तर क्लस्टर हवाच कशाला, हेही विचारा. एका मशीनवर चालणारा हिशेब तीन नोडांवर पसरवला की डीएनएसचे हे सगळे प्रश्न आपण पैसे देऊन घरी आणतो. पंचवीस-तीस दुकानांना सेवा देणाऱ्याचं गणित वेगळं.

माणूस बोलवायचा झाला तर ‘नीट करून देतो’ या बोलीवर बोलवू नका. तपास आणि दुरुस्ती यांचे पैसे वेगळे ठरवा. समजा तासाला २,००० रुपये ठरले आणि तपासाला तीन तासांची मर्यादा घातली, तर ६,०००. जीएसटी नोंदणी असेल तर ७,०८०. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे त्याला नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसताना जीएसटी लावता येत नाही. बिलावरचा क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघायला अर्धा मिनिट लागतो. तपासाच्या शेवटी एक पानभर लेखी हवं: कुठल्या नोडवर, कुठल्या पॉडमधून, काय विचारलं, काय उत्तर आलं, कारण काय, बदल कोणता, आणि बदल मागे कसा घ्यायचा. हे पान पुढच्या वेळी तुमचे पैसे वाचवतं, म्हणून त्याच्याशिवाय रक्कम देऊ नका.

बदल कुठे केला हेही त्या पानावर हवं. के-थ्री-एसमध्ये कोअरडीएनएसच्या मूळ कॉन्फिगमॅपमध्ये (सेटिंगच्या नोंदीत) केलेली दुरुस्ती सर्व्हर पुन्हा सुरू झाला की पुसली जाते. ती ‘कोअरडीएनएस-कस्टम’ या वेगळ्या कॉन्फिगमॅपमध्ये टाकायची असते. एकेएसमध्येही तसंच. ज्याला हे माहीत नाही त्याची दुरुस्ती पुढच्या रीस्टार्टपर्यंत टिकते आणि त्याच कामाचे पैसे पुन्हा जातात.

किल्ली देताना जपा. पट्टीच्या डेटाबेसमध्ये शेतकऱ्यांची नावं, मोबाइल, बँक खाती असतात. ती आपल्या भरवशावर दिलेली असतात. तुमची मुख्य क्यूबकॉन्फिग फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाला पाठवू नका. त्यातलं प्रमाणपत्र दिल्यावर परत घेता येत नाही, कारण क्युबरनेटीसमध्ये एकेक प्रमाणपत्र रद्द करण्याची सोयच नाही; मुदत संपेपर्यंत ते चालतं. त्याऐवजी फक्त वाचण्यापुरते हक्क असलेलं सर्व्हिस अकाउंट करा आणि क्यूबसीटीएलने त्याचं दोन तासांचं टोकन काढून द्या. डीएनएसच्या तपासाला डेटाबेसचा पासवर्ड लागत नाही. मागितला तर नकार द्या. सिक्रेट वाचण्याचा हक्कही त्या अकाउंटला नको.

पैसे घेऊन काम केलंच नाही, किंवा अर्धवट टाकून गेला, तर आधी लेखी नोटीस. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार व्यापारी हेतूने घेतलेली सेवा साधारणपणे कक्षेबाहेर असते, पण स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून धंदा करणाऱ्याला दाद मागता येते. एकट्याने गाळा चालवणाऱ्याने हा मुद्दा तक्रारीत स्पष्ट लिहावा. ५० लाखांपर्यंतच्या मोबदल्याची प्रकरणं जिल्हा आयोगाकडे जातात, आपल्यासाठी अहिल्यानगरला, आणि ५ लाखांपर्यंत तक्रारीला शुल्क नाही. सोबत बिल, ठरलेल्या कामाचा लेखी तपशील आणि बिघाडाच्या वेळी लिहून घेतलेली एनएसलुकअपची उत्तरं तारीख-वेळेसह जोडा.